शिकाऊ हात आणि अहिंसा

पशुवैद्यकाच्या शिक्षणात एक नैतिक पेच मुळापासूनच गुंतलेला आहे. जनावराचे दुःख दूर करण्याचे कौशल्य अखेर जनावराच्याच अंगावर हात ठेवून शिकावे लागते, आणि शिकाऊ हात सरावलेल्या हातापेक्षा अधिक दुखावतो. गाय गाभण आहे की नाही हे तपासणे, मानेच्या शिरेतून औषध देणे, पोट फुगलेल्या बैलाच्या डाव्या भकाळीत नळी घालून कोंडलेला वायू मोकळा करणे, अडलेल्या म्हशीच्या पोटातले पारडू फिरवून बाहेर काढणे, ही सारी कामे प्रत्येक पशुवैद्यकाने केव्हातरी पहिल्यांदा केलेली असतात. आणि त्या पहिल्या वेळी त्याच्या हाताखाली असे एखादे जनावर उभे असते, ज्याला त्याच्या शिक्षणाशी काहीही देणेघेणे नसते. पुढे हजारो जनावरांना होणाऱ्या लाभासाठी या एका जनावराला साधन करणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न अध्यापनपद्धतीच्या कक्षेत मावणारा नाही. तो धर्मविचाराचा आणि नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. माणसांच्या रुग्णालयातही शिकाऊ डॉक्टर असतात, परंतु तेथील रुग्णाला निदान तत्त्वतः नकार देता येतो. जनावराच्या वतीने मालक बोलतो, आणि मालकाचे हित व जनावराचे हित नेहमी एकच असते असे नाही.

या पेचाची जाणीव कायद्याला बरीच आधी झालेली दिसते. ब्रिटिश संसदेने १८७६ साली प्राण्यांवरील क्रूरतेसंबंधी जो कायदा केला, त्याने जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना परवान्याच्या चौकटीत आणले आणि केवळ हस्तकौशल्य मिळवण्याच्या हेतूने असा प्रयोग करण्यास मनाई केली. भारतातील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या १७ व्या कलमात हाच विचार सौम्य रूपात आला आहे. पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांसारख्या साधनांनी शिकवणे तितकेच साधत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, आणि केवळ हात बसावा एवढ्यासाठी असे प्रयोग शक्यतो करू नयेत, अशी अपेक्षा या कलमात नोंदवलेली आहे. दोन्ही कायद्यांमागे हेतूंची एक उतरंड आहे: नवे ज्ञान मिळवण्यासाठी दिलेली वेदना काही अटींवर क्षम्य मानली जाते, मात्र कौशल्य कमावण्यासाठी दिलेली वेदना सहसा तशी मानली जात नाही.

ही उतरंड वरवर पाहता अन्यायाची वाटते, कारण ज्या ज्ञानाचा उपयोग करणारा सरावलेला हात उपलब्ध नाही, ते ज्ञान एकाही जनावराला बरे करीत नाही. बुद्धीच्या कामाला उच्च आणि हाताच्या कामाला नीच लेखण्याच्या जुन्या सवयीचा येथे काही अंश असेलही. तरीही या भेदाला एक भक्कम आधार देता येतो. नवा शोध एकदा लागला की तो सर्वांच्या मालकीचा होतो, आणि त्यासाठी सोसलेली वेदना पुन्हा सोसावी लागत नाही; कौशल्याचे तसे नाही. गुरूचे कौशल्य शिष्याला वारशाने मिळत नाही, ते प्रत्येकाला मुळापासून कमवावे लागते, आणि म्हणून कौशल्यासाठी द्यावी लागणारी वेदनेची किंमत प्रत्येक पिढीत, प्रत्येक विद्यार्थ्यामागे, नव्याने वसूल होत राहते. ज्या किमतीला शेवट नाही तिच्याकडे कायद्याने अधिक संशयाने पाहावे, हे सयुक्तिकच आहे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कायदा बोलतो तो प्रयोगाविषयी, उपचाराविषयी नव्हे. एकच छेद जनावराच्या व्याधीसाठी घेतला तर तो उपचार ठरतो आणि निरोगी जनावरावर विद्यार्थ्यासाठी घेतला तर त्याचे नैतिक रूप पालटते. कृती तीच राहते, तिचा लाभ कोणाला मिळणार हे मात्र बदलते, आणि पुढील सर्व विवेचन या फरकाभोवतीच फिरते.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, कौशल्य खरोखरच पुस्तकातून मिळण्यासारखे नाही काय. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली, एखादी गोष्ट अशी आहे हे जाणणे आणि ती कशी करावी हे जाणणे, असे जाणण्याचे दोन प्रकार वेगळे केले आणि दुसरा प्रकार पहिल्यातून आपोआप निघत नाही, असे प्रतिपादन केले. मुळात वैद्यकाचे शिक्षण घेतलेले मायकेल पोलान्यी यांनी त्यापुढे जाऊन अव्यक्त ज्ञानाची कल्पना मांडली. मनुष्य शब्दांत सांगू शकतो त्याहून अधिक जाणत असतो, आणि वैद्याच्या बोटांना होणारे रोगाचे ज्ञान याच जातीचे असते. पशुवैद्यकात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गुदमार्गाने केली जाणारी गर्भाशयाची तपासणी. खोड्यात उभ्या केलेल्या गाईच्या गुदाशयात हातमोजा घातलेला हात सारून, त्याच्या भिंतीआडून गर्भाशयाचे मुख, त्याची दोन्ही शिंगे आणि बीजाशये चाचपायची असतात. डोळ्यांना काहीही दिसत नाही. विद्यार्थ्याच्या बोटांना काय लागते आहे हे शिक्षकाला कळत नाही आणि शिक्षकाच्या बोटांना काय लागले होते हे विद्यार्थ्याला कळत नाही, कारण दोन हात एकाच वेळी एकाच जागी असू शकत नाहीत. हे ज्ञान साक्षीदाराशिवाय घडते, आणि त्यातील चूक बाहेरून दिसत नाही. ती फक्त गाईला जाणवते. घाईने किंवा जोराने हात फिरवल्यास गुदाशयाचे अस्तर सोलवटते, आणि घोडीच्या बाबतीत तेथे पडलेली चीर जिवावर बेतू शकते.

पूर्वपक्ष येथे उभा राहतो. कौशल्य अनुभवावाचून येत नसेल, आणि कौशल्य नसलेला पशुवैद्यक आयुष्यभर अनेक जनावरांना इजा करणार असेल, तर शिक्षणकाळातील थोडी वेदना मोठ्या अनर्थाच्या निवारणासाठी दिलेली किंमत ठरते. जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली प्राण्यांच्या नैतिक स्थानाची कसोटी त्यांच्या विचारशक्तीत किंवा भाषेत न शोधता त्यांच्या वेदनाक्षमतेत शोधली. त्यांच्या उपयुक्ततावादात, म्हणजे एकूण सुखाची वाढ आणि दुःखाची घट हाच सदाचाराचा निकष मानणाऱ्या मतात, प्राण्याची वेदनाही हिशेबात धरली जाते. या हिशेबाने पाहता एका कालवडीची अस्वस्थता आणि पुढील हजार गाईंची सुटका यांत तोल कोणीकडे झुकतो हे उघड आहे. तथापि या मताचा दोष असा की, ते फार सहज आणि फार अधिक देऊन टाकते. बेरीज जुळत असेल तर एकाच निरोगी कुत्र्यावर लागोपाठ शस्त्रक्रिया करण्यासही त्यात तत्त्वतः आडकाठी उरत नाही, आणि ज्याच्या वाट्याला वेदना आली तो जीव त्या हिशेबात एका आकड्यापुरता शिल्लक राहतो.

इमान्युएल कांट यांची भूमिका याच्या उलट टोकाची आहे. त्यांच्या मते माणसाचे प्राण्याप्रती थेट कर्तव्य नसते. प्राण्यांसंबंधीची कर्तव्ये वस्तुतः माणसाची स्वतःप्रती असलेली कर्तव्ये होत, कारण प्राण्याशी क्रूरपणे वागणाऱ्याची सहानुभूती बोथट होते आणि माणसांमधील सदाचाराला उपकारक अशी एक स्वाभाविक वृत्ती नष्ट होत जाते. अन्य मार्गाने उद्दिष्ट साधता येत असताना केवळ कुतूहलापोटी केलेले वेदनादायक प्रयोग त्यांनी याच कारणाने निंद्य ठरवले. प्राण्याला स्वतःचे मूल्य नाकारणारे हे मत अपुरे असले, तरी शिक्षणाच्या संदर्भात ते एका मर्मावर बोट ठेवते. प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी दोन गोष्टी एकाच वेळी शिकत असतो: एक हाताचे काम आणि दुसरी त्या कामाखालच्या जिवाकडे पाहण्याची रीत. पहिली शिकवताना दुसरी बिघडत असेल, तर त्या शिक्षणातून कुशल कारागीर बाहेर पडेल. वैद्य बाहेर पडेलच असे नाही.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची उकल करणारे सूत्र जैन विचारात सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे, तिच्यात प्राणाला होणाऱ्या बाधेबरोबरच प्रमादाला, म्हणजे बेसावध व असंयत वर्तनाला, निर्णायक स्थान दिले आहे; प्रमादयुक्त कृतीतून प्राणांची हानी होणे ती हिंसा. या सूत्रग्रंथावरील पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत वैद्याचे उदाहरण येते. करुणेने प्रेरित झालेला वैद्य एखाद्या साधूच्या गळवावर शस्त्र चालवतो तेव्हा साधूला वेदना होते, तरी केवळ त्या बाह्य निमित्ताने वैद्याला पाप लागत नाही. मात्र हे उदाहरण ज्या वैद्याविषयी आहे, त्याचा हात आधीच तयार झालेला आहे. ज्याच्या मनात करुणा आहे पण ज्याला शस्त्र कोठे व किती खोल चालवावे हे ठाऊक नाही, त्याचे काय, हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहतो, आणि पशुवैद्यकाच्या शिक्षणाचा प्रश्न नेमका हाच आहे.

व्याख्येचा अर्थ पुढे नेला तर उत्तर मिळू शकते. बौद्ध परंपरेने कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, पाहिले. परंतु दवाखान्यात नुसता शुद्ध हेतू जनावराला वाचवीत नाही. दुग्धज्वराने आडव्या पडलेल्या गाईच्या शिरेत कॅल्शियमचे द्रावण भराभर सोडल्यास तिचे हृदय बंद पडू शकते, आणि नाळीने औषध पाजताना जनावराची मान फार उंचावल्यास औषध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. या दोन्ही प्रसंगी करणाऱ्याच्या मनात केवळ दयाच असणे शक्य आहे. अवधान हे भावनेहून वेगळे असते आणि ते शरीराला शिकवावे लागते. जैन मुनींच्या आचारात ज्या पाच समित्या, म्हणजे सावध वर्तनाच्या शिस्ती, सांगितल्या आहेत, त्यांत चालण्याच्या शिस्तीबरोबर वस्तू उचलण्याची आणि ठेवण्याची शिस्तही आहे, याचे कारण हेच की अहिंसा पायांत आणि बोटांत उतरल्याशिवाय पुरी होत नाही. या अर्थाने अनभ्यस्त हाताने उपचाराला प्रवृत्त होणे हा प्रमाद आहे आणि हात घडवणे हा अहिंसेचाच भाग आहे. त्याच न्यायाने, हात घडवण्याच्या नावाखाली जनावर बेपर्वाईने वापरणे हाही प्रमादच ठरतो. एकाच तत्त्वातून प्रशिक्षणाची आवश्यकता आणि प्रशिक्षणाची मर्यादा अशी दोन्ही निघतात, हे या विचाराचे सामर्थ्य होय.

मर्यादा कोठे घालावी याचे मार्गदर्शन भारतीय शस्त्रवैद्यकाच्या मूळ ग्रंथातच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्येला, म्हणजे शस्त्रकर्माच्या पूर्वाभ्यासाला, वाहिलेला आहे. शास्त्र संपूर्ण पढलेला शिष्यही असा अभ्यास केल्याविना कर्माला अपात्र, असे तेथे बजावले आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांसारख्या फळांवर करावा. शीर वेधण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. शल्य शोधण्याचा किडीने पोखरलेल्या लाकडावर व वेळूवर. शिवण्याचा जाड व तलम वस्त्रांच्या कडांवर आणि मऊ कातड्यावर. आणि पट्टी बांधण्याचा माणसाच्या प्रतिकृतीवर, असा तपशीलवार क्रम त्यात आहे. जिवंत रुग्णाचे शरीर हे पहिल्या चुकीचे ठिकाण नव्हे, हे तत्त्व तेथे सिद्धान्तरूपाने न सांगता थेट अभ्यासक्रमाच्या रूपाने सांगितले आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांवरील प्रयोगांसाठी पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि पद्धत सौम्य करणे ही जी त्रिसूत्री मांडली, तिच्यातील पहिल्या सूत्राशी सुश्रुताचा क्रम जवळचे नाते सांगतो.

आधुनिक तंत्राने हा क्रम पुष्कळ पुढे नेला आहे. सारा बेली यांनी ब्रिटनमध्ये विकसित केलेली स्पर्शानुभव देणारी कृत्रिम गाय याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. यंत्र विद्यार्थ्याच्या बोटाला अवयवांच्या आकाराचा व घट्टपणाचा आभास देते आणि त्याचे बोट नेमके कोठे आहे हे शिक्षकाला पडद्यावर दिसते. वर वर्णिलेला साक्षीदाराचा अभाव त्यामुळे बऱ्याच अंशी दूर होतो. तरीही यंत्राला सीमा आहे. कृत्रिम गाय कण्हत नाही, अंग आखडत नाही, लाथ झाडत नाही आणि भीत नाही. तिच्यावर हात घडतो, पण भ्यालेल्या जिवाच्या सान्निध्यात हात कसा आवरावा हे शिकता येत नाही. प्रतिकृतींची संख्या कितीही वाढली तरी कोणतेतरी जिवंत जनावर पहिले राहणारच, आणि हा उरलेला अंश हाच खऱ्या नैतिक चिकित्सेचा विषय आहे.

प्रतिकृती आणि जिवंत जनावर यांच्यामधली पायरी मृत शरीराची. नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे शव मालकाने शिक्षणासाठी दिले तर त्यात फारसा दोष उरत नाही. कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयांचा प्रश्न अधिक अवघड आहे. भिक्षूसाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तसा संशय असलेले मांस वर्ज्य मानणारा बौद्ध विनयाचा नियम येथे उपयोगी पडतो: जे जनावर विद्यार्थ्यासाठी मारले गेले नाही, त्याच्या अवयवाचा अभ्यास त्या हत्येचे कारण ठरत नाही. मात्र अभ्यासाच्या मागणीवरच हत्या अवलंबून राहू लागली, तर हा बचाव तत्काळ कोसळतो.

जिवंत जनावराच्या बाबतीत योग्य निकष महात्मा गांधींच्या एका निर्णयातून हाती येतो. १९२८ साली साबरमती आश्रमातील असाध्य अवस्थेत तळमळणाऱ्या वासराला त्यांनी वैद्यकीय उपायाने मृत्यू देवविला आणि त्यावर उसळलेल्या टीकेला उत्तर देताना, कृतीमागे स्वतःचा स्वार्थ नसून पीडित जिवाचेच हित असले पाहिजे, यावर भर दिला. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतो, पण त्यातील कसोटी शिक्षणाला लागू पडते. विद्यार्थ्याचा हात ज्या जनावराला लागतो त्या जनावराला त्या स्पर्शाची स्वतःच्या कारणाने गरज असावी. विद्यार्थ्याला मिळणारे शिक्षण हे त्या उपचाराचे उपफल असावे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले, यात ही रचना मूर्त झालेली दिसते, कारण तेथे जनावरे विद्यार्थ्यांसाठी आणली जात नसून स्वतःच्या आजारासाठी येत होती. सध्याच्या अभ्यासक्रमात पदवीआधी जे वर्षभराचे आंतरवासितेचे, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष सेवा करण्याचे, प्रशिक्षण असते, त्याचेही नैतिक समर्थन याच आधारावर होते.

तथापि रुग्णालयाने सगळा दोष धुऊन निघतो असे मानणे भोळेपणाचे ठरेल. फुकट किंवा स्वस्त उपचार जेथे मिळतात तेथे गरीब शेतकऱ्याचा बैल आणि भूमिहीन मजुराची शेळी येते, तर महागडा श्वान आणि शर्यतीचा घोडा अनुभवी खाजगी पशुवैद्यकाकडे जातो. परिणामी शिकाऊ हाताचा भार कोणत्या जनावरावर पडावा हे त्या जनावराच्या व्याधीवर न ठरता मालकाच्या खिशावर ठरते. जनावराला संमती देता येत नसल्याने मालकाला स्पष्ट सांगणे अधिकच बंधनकारक होते, आणि उपचार गमावण्याच्या भीतीने दिलेला होकार हा होकार मानता येत नाही. शिक्षणाचा भार सर्व थरांतील जनावरांवर सारखा वाटला जावा ही मागणी दयेपेक्षा न्यायाची अधिक आहे.

एवढे सारे करूनही जी वेदना उरते तिचे काय करावे, याला धर्मशास्त्रातील ऋणाच्या कल्पनेत उत्तर आहे. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, आणि यांतील ऋषिऋण अध्ययनाने व पितृऋण संततीने फिटते. म्हणजे ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते परत न करता पुढील पिढीच्या हाती सोपवायचे असते. पहिल्या जनावराला झालेल्या वेदनेची भरपाई त्याच जनावरापाशी करता येत नाही. तिची फेड पुढच्या जनावरांपाशी, दक्ष व निष्णात उपचाराने, करावी लागते. परंतु पुढे फेडता येते म्हणून हवे तितके कर्ज काढावे, असा याचा अर्थ नव्हे. जे ऋण टाळता येण्यासारखे होते ते घेणे हा अपराधच राहतो, आणि फळावर, वस्त्रावर, प्रतिकृतीवर किंवा शवावर जे शिकता आले असते ते जिवंत जनावरावर शिकणे हे असेच टाळता येणारे ऋण होय.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, पशुवैद्यक विद्यार्थ्याचे प्रात्यक्षिक अहिंसेला अपवाद म्हणून सहन करण्याची गरज नाही. योग्य क्रमाने झाल्यास ते अहिंसेचे आचरणच आहे. योग्य क्रम म्हणजे निर्जीव वस्तूवर हात स्थिर झाल्यावाचून शवाकडे न जाणे आणि शवावर निश्चिती आल्यावाचून रुग्णाकडे न जाणे. रुग्णापाशी विद्यार्थ्याच्या प्रयत्नांची संख्या आधी ठरवणे आणि ती संपताच शिक्षकाने सूत्रे हाती घेणे. वेदनाशमनात काटकसर न करणे. आणि निरोगी जनावर शिक्षणासाठी राखलेच असेल तर त्याच्या विश्रांतीची व म्हातारपणाची जबाबदारी संस्थेने पत्करणे. या जबाबदारीचा मोठा वाटा विद्यार्थ्याचा नसून संस्थेचा आहे, कारण विद्यार्थी आपल्या हाताची तयारी स्वतः ओळखू शकत नाही. सरावाची साधने न पुरवता विद्यार्थ्याला थेट खोड्यापाशी उभे करणारी संस्था आणि हाताची परीक्षा न घेता पदवी बहाल करणारी संस्था, या दोघी सारख्याच दोषी आहेत. पहिलीच्या प्रमादाची शिक्षा एका जनावराला होते आणि दुसरीच्या प्रमादाची शिक्षा तालुक्यातल्या सगळ्या गोठ्यांना.